जगात सोलिंगेन, भारतात परभणी

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. तिचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावावा. पण एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी जर्मनी आणि परभणी ही नावं खरोखर शेजारी लिहिता येतात. ती म्हणजे लोखंडाचं पातं. जर्मनीत सोलिंगेन नावाचं शहर आहे. चाकू, सुऱ्या, कात्र्या हीच त्याची ओळख. या शहराच्या नावाला तिथे १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे. पातं घडवण्याची मुख्य कामं त्या परिसरात झाली नसतील, तर त्यावर 'सोलिंगेन' असं कोरता येत नाही. परभणीत वसमत रोडला किंवा गंगाखेड रोडला, आठवडी बाजाराच्या कडेला, ऐरण मांडून बसलेल्या कारागिराच्या पात्यावर कसलंच नाव नसतं. पण काम तेच आहे. तापवायचं, ठोकायचं, पाणी द्यायचं, धार काढायची.

परदेशात हाताने घडवलेल्या, न मिटणाऱ्या शिकारी सुरीसाठी हौशी माणसं शेकडो डॉलर मोजतात आणि महिनोन्‌महिने वाट पाहतात. आपल्याकडे तशीच सुरी डोळ्यांसमोर घडते आणि आपण घासाघीस करतो. म्हणून हा फेरफटका.

ट्रकचा पाटा, सुरीचं पातं

'पाट्याचा आहे का?' कोयता किंवा सुरी हातात घेतल्यावर मराठवाड्यातलं जाणतं गिऱ्हाईक हा प्रश्न पहिला विचारतं. पाटा म्हणजे मालट्रकच्या चाकावरच्या कमानीतली पट्टी. भंगारात निघालेले हे पाटे गावोगावच्या भट्ट्यांवर येतात. कित्येक शेतकरी स्वतःच पाटा घेऊन जातात आणि फक्त मजुरी देतात.

या पसंतीमागे भक्कम धातुशास्त्र आहे. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का, कधी थोडा जास्त असतो, शिवाय सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. हजारो खड्डे खाऊन पुन्हा सरळ व्हायचं हे त्याचं जन्माचं काम, म्हणून ते कडकही होतं आणि लवतंही. बांधकामाच्या सळईत कार्बन याच्या निम्म्याहून कमी. ती कितीही ठोका, कितीही पाणी द्या, धार दोन दिवसांत बसते. बाजारात चकचकीत रंग दिलेला स्वस्त विळा घेऊन फसलेल्या माणसाला सळई आणि पाटा यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही.

अमेरिकेत याच घराण्यातलं एक पोलाद ५१६० या क्रमांकाने ओळखलं जातं. ट्रकच्या कमानी त्याच्याच बनत आणि तिथल्या हौशी-व्यावसायिक लोहारांचं ते लाडकं पोलाद आहे. फरक इतकाच की ते नवी कोरी पट्टी विकत आणतात आणि आपला कारागीर लाखभर किलोमीटर धावून थकलेला पाटा घेतो. थकलेल्या पाट्यात बारीक चिरा असू शकतात. त्यामुळे चांगला कारागीर पाटा उलटसुलट पाहतो आणि शंका आली तर तो तुकडा बाजूला टाकतो. हे त्याचं कसब आपल्याला दिसत नाही, कारण ते हातोडा उचलण्याआधीच संपलेलं असतं.

घण बाईच्या हातात

आपल्या रस्त्याकडेच्या भट्ट्यांवर बहुतेक घिसाडी कुटुंबं दिसतात. घिसाडी, गाडी लोहार, चितोडी लोहार अशी नावं असलेला हा समाज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. पूर्वज राजस्थानातून आले असं ही मंडळी सांगतात. घरात बोलतात ती तारेमुकी, गुजराती-राजस्थानीच्या नात्यातली बोली. बाजारात मात्र अस्सल मराठवाडी मराठी.

या भट्टीवरचं कामाचं वाटप बघण्यासारखं असतं. पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरतो, हातोडीने हलकासा ठोका देऊन 'इथे मार' हे दाखवतो आणि समोर उभी असलेली बाई डोक्यावरून घण फिरवून बरोबर तिथेच घाव घालते. तोंडाने एक शब्द नाही. सगळा संवाद ठोक्यांत. ताल चुकला तर लोखंड वाया जातं किंवा हात जातो. ताकदीचं काम बाईचं आणि नेमकेपणाचं पुरुषाचं, अशी ही जोडी आहे. 'हातानं घडवलेली सुरी' म्हणतो तेव्हा त्यात चार हात असतात, आणि त्यांतले दोन चुडा भरलेले. चामड्याचा भाता आता बराच मागे पडला. त्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा आला आहे आणि तो बहुधा घरातलं एखादं पोर फिरवत असतं. ते पोर शाळेत असायला हवं, हे इथे लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही.

रंगावरून तापमान

भट्टीवर तापमापक नसतो. पोलाद कडक करायला साधारण आठशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापवावं लागतं. कारागीर ते लालीवरून ओळखतो. म्हणून कडक करायचं काम तो भर उन्हात न करता सावली बघून करतो, कारण उन्हात लाली फिकी दिसते आणि अंदाज चुकतो. परदेशी हौशी लोहार खिशात लोहचुंबक ठेवतात. लोखंड ७७० अंशांना आपलं चुंबकत्व सोडतं. चुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवायचं आणि बुडवायचं.

पाणी देतानाची युक्ती तर फारच देखणी. आपला कारागीर बऱ्याचदा अख्खं पातं न बुडवता फक्त धारेचा काठ पाण्यात धरतो. काठ काचेसारखा कडक होतो, पाठ गरमच राहते. मग बाहेर काढून काठ घासून चकचकीत करतो आणि पाहत बसतो. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि चकचकीत लोखंडावर रंग उमटत जातात. आधी वाळक्या कडब्याचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळा म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा म्हणजे तीनशे. सुरीला पिवळ्यावर थांबायचं, दणके खाणाऱ्या कुऱ्हाडीला निळ्याकडे जाऊ द्यायचं. हवा तो रंग आला की पुन्हा पाण्यात. हे रंग म्हणजे लोखंडावर चढलेला ऑक्साइडचा अतिपातळ थर, जाडी बदलली की रंग बदलतो. कुठल्याही अभियांत्रिकी कॉलेजात हा धडा शिकवतात. परभणीत तो रस्त्याच्या कडेला फुकट बघायला मिळतो.

दोरी, लाकूड, दाढी आणि वाकवणे

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही लोहारांची संस्था १९७६ साली स्थापन झाली. तिच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत उमेदवाराने स्वतः घडवलेल्या एकाच पात्याने चार गोष्टी करून दाखवायच्या. मोकळी लोंबणारी एक इंच जाडीची दोरी एका घावात तोडायची. दोन इंच बाय चार इंचाचं लाकूड दोनदा तोडायचं. मग त्याच धारेने हातावरचे केस भादरायचे. आणि शेवटी ते पातं शिकंजात धरून काटकोनात वाकवायचं. तुटलं की नापास. पात्याची लांबी दहा इंचांपेक्षा जास्त चालत नाही.

ऊसतोडीचा कोयता यातल्या पहिल्या दोन परीक्षा रोज सकाळपासून देत असतो.

शिकारी सुरी, पण शिकार नाही

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि भारतात हौसेची शिकार संपली. परभणीच्या शिवारात काळवीट आजही दिसतात, रानडुकरं आणि रोही पिकात शिरतात, शेतकरी रात्र-रात्र जागतो. तरी सुरी घेऊन मागे लागण्याची मुभा कुणालाच नाही. आणि ती नाही हे बरंच आहे.

तसंही शिकारी सुरीचं काम शिकार करण्याचं कधीच नव्हतं. तिचं काम शिकारीनंतरचं, कातडं सोडवण्याचं आणि मांस कापण्याचं. त्यामुळे खरी शिकारी सुरी सिनेमातल्यासारखी हातभर नसते. पातं साडेतीन-चार इंच, फार तर पाच. लहान पातं बोटांच्या ताब्यात राहतं. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका माणसाचं शव सापडलं, त्याला ओट्झी म्हणतात. त्याच्याजवळ गारगोटीच्या पात्याची, लाकडी मुठीची सुरी होती, झाडाच्या सालीच्या तंतूंनी विणलेल्या म्यानासकट. मूठ धरून तिची लांबी जेमतेम तेरा सेंटिमीटर.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायची. जत्रेत किंवा ऑनलाइन कुणी 'हरणाच्या शिंगाची मूठ' म्हणून सुरी दाखवली, तर हात लावू नका. सांबर-चितळांची शिंगं दरवर्षी आपोआप गळून पडतात, त्यासाठी प्राणी मारावा लागत नाही, असं विकणारा पटवून देईल. तरीही तो व्यापार गुन्हा आहे. काळविटाचं शिंग तर गळतच नाही, ते मेलेल्या किंवा मारलेल्या जनावराचंच असतं. आपल्या बाभळीची मूठ घ्या. घट्ट, चिवट, आणि घामाच्या हातातून न निसटणारी.

गोदावरीच्या पाण्याबरोबर थोडं खाली

गोदावरी गंगाखेडवरून नांदेडला जाते आणि तिथून तेलंगणात शिरते. तिथल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. या गावात आणि निर्मलच्या परिसरात मुशीत वितळवून एक विलक्षण पोलाद करत, जगात ते वूट्झ म्हणून ओळखलं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेन्री व्हॉयसी नावाच्या इंग्रज डॉक्टरने तिथलं काम पाहून लिहून ठेवलं. तेव्हा पार इराणातल्या इस्फहानचा व्यापारी पोलाद विकत घ्यायला त्या गावात येऊन राहिलेला होता. दमास्कसच्या नावाने गाजलेल्या, पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेल्या तलवारी अशाच पोलादाच्या. २००६ साली ड्रेस्डेनच्या संशोधकांनी तशा एका तलवारीचा तुकडा तपासला आणि त्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या सापडल्याचं 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं.

विजेच्या शोधांमुळे आपल्या माहितीचा असलेला मायकेल फॅरेडे १८२० च्या सुमारास याच वूट्झच्या मागे लागला होता. भारतातून आलेले गोळे घेऊन त्याने जेम्स स्टोडार्ट या पाती घडवणाऱ्या कारागिराबरोबर कित्येक प्रयोग केले. फॅरेडेचे वडील लोहार होते.

आणि हा सगळा भाग एकेकाळी एकाच राज्यात होता. परभणी आणि निजामाबाद दोन्ही १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. आज मधे राज्याची सीमा आली, म्हणून आपल्याला कोनासमुद्रम परकं वाटतं.

आकाशातून पडलेली सुरी

१६२१ च्या एप्रिलमध्ये जालंधरजवळ उल्का पडली. बादशहा जहांगीरने तो लोखंडाचा गोळा मागवून घेतला आणि उस्ताद दाऊद या कारागिराला दिला. नुसतं उल्केचं लोखंड घणाखाली टिकेना, फुटू लागलं. मग दाऊदने तीन भाग उल्का आणि एक भाग साधं लोखंड असा मेळ घालून त्याच्या तलवारी, कट्यार आणि सुरी घडवली. हे जहांगीरने स्वतःच्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

जिंतूरच्या माणसाला उल्केचं अप्रूप सांगायला नको, लोणारचं विवर त्याच्या शेजारीच आहे.

माणसं मोजायचं माप

परभणी जिल्ह्यातून दरवर्षी हजारो माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. मुकादम टोळी ठरवतो तेव्हा माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल दिली जाते ती कोयत्यावर. पातं हे माणसं मोजायचं माप झालेलं मी तरी दुसऱ्या कुठल्या धंद्यात ऐकलेलं नाही. या मापात बाईची मजुरी नवऱ्याच्या हिशेबात जाते, तिचं वेगळं खातं बहुतेक ठिकाणी नसतं. ही बोचणारी गोष्ट आहे आणि ती बदलायला हवी.

एक जोडी दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडते. ऊस अगदी जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्यात जास्त असते. त्यामुळे प्रत्येक घाव कमरेतून वाकून, आणि कोयता सारखा मातीला-दगडाला लागतो. म्हणून तोडकऱ्याच्या खोपीत कानस असतेच. तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ देणारा करार जानेवारी २०२४ मध्ये झाला. कोयत्याचा, कानशीचा खर्च मात्र ज्याचा त्यानेच करायचा.

नऊ इंच, दोन इंच

सुरी घेताना पोलीस पकडतील का, ही भीती पुष्कळांना असते. शस्त्र नियमांच्या यादीत पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असलेल्या सुऱ्या, कट्यारी, तलवारी येतात. त्याच ओळीत अपवादही आहे. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. म्हणून विळा, कोयता, कुऱ्हाड उघड्यावर विकता येते. चार इंचाची सुरी तर या मापात बसतच नाही.

पण घरात असणं वेगळं आणि कमरेला लावून हिंडणं वेगळं. सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१)(३) खाली मनाई आदेश निघतो. तेव्हा सार्वजनिक जागी सुरी, काठी, भाला घेऊन फिरता येत नाही. तलवारीने केक कापून व्हिडिओ टाकणाऱ्यांवर '४/२५ आर्म ॲक्ट'चे गुन्हे कसे दाखल होतात, ते पेपरात सतत येतं. औरंगाबादेत २०१८ साली ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि सुऱ्या पोलिसांनी पकडल्या. पुण्यात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्या वाढल्या, तेव्हा २०२३ मध्ये पोलिसांनी विक्रेत्यांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघायला सांगितलं. चार गुंडांमुळे घिसाड्याच्या पोटावर पाय येतो, याचा मला मनापासून राग आहे.

शेजारच्या नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाराच्या बाजारात कृपाणांची दुकानं लागलेली आहेत. शीख बांधवांना कृपाण धारण करण्याचा अधिकार थेट संविधानाच्या २५व्या कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. देशांतर्गत विमानातही त्यांना सहा इंचांपर्यंत पात्याची कृपाण नेता येते.

लिंबू, उशी आणि झेंडू

लग्नात नवरदेवाच्या हातात कट्यार आणि तिच्या टोकाला लिंबू. बाळंतिणीच्या उशाशी लोखंडाचं पातं. खंडेनवमीला कोयता, खुरपं, विळी सगळं धुऊन-पुसून पाटावर, हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. बकरी ईदच्या आधी सुरे आणि सत्तूर शेवटून, म्हणजे धार लावून, घ्यायला भट्टीवर रांग. परभणीत हे सगळं एकाच गल्लीत घडतं आणि एकाच ऐरणीवर.

घेताना काय बघायचं

'काय लावलं मामा सुरीचं?' हे विचारण्याआधी पातं डोळ्यांसमोर आडवं धरा आणि धारेवरून नजर फिरवा. रेघ सरळ हवी. पाठ मुठीजवळ जाड आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली असेल, तर ते ठोकून घडवलेलं. सगळीकडे सारखीच जाडी असेल, तर पत्रा कापलेला. नखाने टिचकी मारा. अखंड पातं स्वच्छ वाजतं, चिरलेलं बद्द बोलतं. नवी कानस धारेवर हलकी ओढून बघायला मागा. कानस निसटली तर पाणी नीट बसलंय, खरवडून लोखंड निघालं तर मऊ. चांगला कारागीर या परीक्षेला रागावत नाही, उलट खूश होतो.

मूठ बघा. पात्याचा शेपटा मुठीत किती आत गेलाय ते विचारा. मुठीच्या टोकापर्यंत अखंड लोखंड आणि दोन्ही बाजूंनी लाकूड रिबिटांनी ठोकलेलं, ही सगळ्यात टिकाऊ बांधणी. आणि कशासाठी हवी ते सांगा. भाजीसाठी, मटणासाठी, नारळासाठी की झाडाच्या फांद्यांसाठी. धारेचा कोन त्यावर ठरतो. हे न सांगता घेतलेली सुरी नारळावर मारली आणि धार झडली, तर तो दोष घडवणाऱ्याचा नाही.

भावाचं म्हणाल, तर पाटा, कोळसा आणि दोन माणसांची दुपार एवढं जमेला धरा, मग बोला. मॉलमध्ये स्टीलच्या सुरीवर छापलेली किंमत आपण मुकाट्याने देतो. ती मशीनमध्ये मिनिटाला कित्येक निघते. इथे एकेक पातं रंग बघून थांबवलेलं असतं. मी तरी घासाघीस करत नाही आणि तुम्हीही करू नका, अशी कळकळीची विनंती आहे.

आणल्यावरची काळजी सोपी. हे पोलाद गंजतं, स्टेनलेस नाही. लिंबू-कांदा कापला की काळपट होतं. त्याला घाबरू नका, तो काळपट थर पुढच्या गंजाला थोडा आवरच घालतो. वापरलं की धुवा, लगेच पुसा, तेलाचं बोट फिरवा. चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं. धार गेली तर कोपऱ्यावरच्या विजेच्या सहाणेवर नेताना जपा. ठिणग्या उडून काठ निळा पडला, की दिलेलं पाणी उतरलं म्हणून समजा. घरच्या ओल्या दगडावर सावकाश घासलेली धार जास्त टिकते. फारच बसली, तर ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडेच शेवटून घ्या.

आणि मनासारखी सुरी करून हवी असेल, तर हंगाम टाळून जा. पेरणीच्या तोंडावर भट्टीवर खुरपी आणि फासांचा ढीग असतो. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा नुसते कोयते. खरं निवांतपण त्यानंतर मिळतं, हिवाळा सरता सरता. परभणीत फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांचा उरूस भरतो, त्याच सुमारास जा. तेव्हा कारागीर तुमचा पंजा बघून मूठ तासतो, हातात देतो, परत घेतो, पुन्हा तासतो.